जनाआत्याच्या बांधावरची बोंडं

पुण्याहून निघालो तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी, भिंतीलगत, एक फड्या निवडुंग आपला आपण उगवला होता. कुणाच्या अध्यात ना मध्यात. कमिटीने तो आदल्या दिवशी उपटून कचऱ्याच्या गाडीत घातला आणि त्या जागी नर्सरीतून तीन कुंड्या आणून मांडल्या. कुंड्यांत काय होतं म्हणाल, तर निवडुंगच! फक्त ठेंगणा, गोलमटोल आणि विकत घेतलेला. मी चेअरमनना जाब विचारला, तर म्हणाले, "सर, तो जंगली होता." मी चित्रकलेचा मास्तर, आयुष्यभर पोरांवर ओरडत आलोय, तेव्हा खाली पार्किंगमध्ये काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. बायको म्हणाली, "चार दिवस कुठेतरी जाऊन या. तुम्हालाही बरं आणि बिल्डिंगलाही बरं."

तेवढ्यात मोहोपाड्याहून मधूचा फोन आला. मधू माझ्याच शाळेत शिकवायचा, आता मुलाकडे कंपनीच्या कॉलनीत राहतो. "कशेळ्याच्या पुढे माझी जनाआत्या राहते. तिच्याकडे बोंडं (निवडुंगाची फळं) पिकलीत. तू नेहमी म्हणतोस ना, लहानपणानंतर खाल्ली नाहीत म्हणून? जा. एक मात्र आहे, परवा तिच्या जमिनीची मोजणी आहे. तिच्या बाजूने कुणी शिकलेलं माणूस उभं असलं तर बरं. माझे गुडघे मला जाऊ देत नाहीत."

मी पिशवी भरली आणि एसटी पकडली.

खालापूरला उतरलो तर उन्हाचा नुसता चटका. टोलनाक्याच्या अलीकडे एका टपरीवर जांभळ्या-गुलाबी रंगाच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या आणि वर बोंडाचं चित्र. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. एक ग्लास घेतला. साखरेचं पाणी हो, दुसरं काही नाही! रंग घातलेलं साखरेचं पाणी.

"हे कशाचं आहे रे?" मी विचारलं.

"रक्त वाढतं काका, प्या," टपरीवाला म्हणाला.

"रक्त वाढतंय खरं, पण डोक्याकडे. हे कसलं फळ, ते सांग."

त्याने बाटलीवरचं चित्र माझ्याइतक्याच कुतूहलाने पाहिलं. "ड्रॅगन का काहीतरी हाय."

मी ग्लास तसाच ठेवला. ज्या झाडाला आपण जंगली म्हणून उपटतो, त्याचंच चित्र छापून लोकांना गोड पाणी पाजतो, आणि वर ते झाड कुठलं हेही माहीत नसतं! मधूकडे पोहोचेपर्यंत मी रिक्षावाल्याला हे दोनदा ऐकवलं. मधूकडे जेवताना तिसऱ्यांदा. मधू शांतपणे ताक पीत राहिला. झोपताना एवढंच म्हणाला, "आत्याकडे जरा तोंड सांभाळ." मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्जत. तिथून कशेळ्याची बस. कशेळ्याच्या नाक्यावर वाड्या-पाड्यांवर जाणाऱ्या जीपा उभ्या असतात. एका जीपमध्ये मागच्या बाकावर मी, दोन पाट्या सुकट आणि सुकटवाली बाई असे बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, आणि मधूनमधून वालाचे हिरवे तुकडे. या भागात भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरतात आणि गुरं मोकाट सोडतात, असं सुकटवालीने सांगितलं. म्हणून ज्याचं कुंपण धड, त्याचाच वाल हाती लागतो.

आणि हिरव्या तुकड्यांच्या मधे आता जागोजागी पांढऱ्या भिंती. "अमुक व्हॅली", "तमुक ग्रीन्स" असल्या पाट्या. डोंगर तोच, त्याच्या पायथ्याशी प्लॉट पाडलेले. ग्रीन म्हणे! जे हिरवं होतं ते खरवडून वर गालिचा अंथरायचा आणि त्याला ग्रीन म्हणायचं.

"तुमी बी प्लॉट बगायला आलाव?" सुकटवालीने विचारलं.

"बोंडं खायला आलोय," मी म्हणालो.

ती इतकी हसली की पाटी मांडीवरून घसरली.

जनाआत्याचं घर वाडीच्या टोकाला. आत्या सत्तरीच्या पुढची, काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. मी पाय धुतो न धुतो तोच पुढ्यात तांदळाची भाकरी आणि बिरडं (सोललेल्या कडव्या वालांची उसळ) आलं. खोबरं कमी, तिखट जास्त. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. ओटीवर छपराखाली निवडुंगाचे फड (हाताच्या पंजाएवढी जाड पानं) एकावर एक रचून ठेवले होते. कडेने सुरकुतलेले, पण हिरवे.

"हे कशाला ठेवलेत?"

"ऱ्हाऊंद्या. मरत नाय ते," आत्या म्हणाली.

मग हळूहळू सगळं कळलं. आत्याच्या वालाच्या शेताला तीन बाजूंनी निवडुंगाचं कुंपण आहे. तिच्या सासऱ्याने शेजाऱ्याबरोबर लावलेलं. इकडची रीत अशी की बांधावर निवडुंग लावायचा तर दोन्ही धन्यांनी मिळून. एक फड ह्याच्या हातचा, पुढचा त्याच्या हातचा, परत ह्याच्या. काढायचा तरी दोघांनी उभं राहूनच. एकट्याने बांधाच्या निवडुंगाला लोखंड लावायचं नाही. शेजाऱ्याची पोरं शहरात गेली, जमीन विकली, घेणाऱ्याने तिथे फार्महाऊस बांधलं. आत्या चार दिवस लेकीकडे गेली होती, तेवढ्यात त्यांच्या मॅनेजरने जेसीबी लावून त्या बाजूचं सगळं कुंपण ओरबाडलं आणि आत्याच्या हद्दीत पाच पावलं सरकून तारा ठोकल्या. तारांना खालून फट, गुरांना रान मोकळं. त्या कडेचा अर्धा वाल गुरांनी खाल्ला.

"त्यो म्हनतो, तार हाय तीच हद्द. हितं कदी कुंपन नव्हतंच," आत्या म्हणाली. "पाच पावलं म्हंजे किती, तुमी म्हनाल. माजी हीर हाय त्या पाच पावलांत."

म्हणजे विहीर! ती तारेच्या पलीकडे गेली होती. आत्या फर्लांगभर लांबून पाणी आणत होती आणि तिच्याच विहिरीवर मोटार बसवून पलीकडचा गालिचा भिजवला जात होता. मी ताटावरून उठलो. "अहो, हा दिवसाढवळ्या दरोडा आहे!"

"आदी हात धुवा," आत्या म्हणाली.

हात धुतले, पण राग काही धुतला गेला नाही. तरातरा शेतावर गेलो. उरलेल्या दोन बाजूंचं कुंपण पुरुषभर उंच, आणि प्रत्येक फडाच्या कडेला लालचुटूक बोंडं. मला माझं माणदेशातलं लहानपण आठवलं, आणि त्यात ती बोंडं कशी तोडायची तेवढंच नेमकं आठवलं नाही. भर दुपार, समोरून कोरडा वारा. मी रुमाल गुंडाळून एक बोंड पिरगाळलं.

बोंडावर केसांहून बारीक कुसळांचे झुबके असतात. दिसत नाहीत, पण एकदा कातडीत शिरली की माणूस त्यांनाच दिसतो. रुमालातून ती आरपार आली. बोटांत, मनगटावर, आणि वाऱ्याने उडून थेट मानेवर. मी मान खाजवली, तशी बोटांतली होती ती पण मानेला लागली. मी तिथेच उभ्याउभ्या नाचायला लागलो.

मागोमाग आलेली आत्या कंबरेवर हात ठेवून बघत होती. "दुपारची तोडत्यात होय बोंडं? पहाटे दवात तोडायची. दवानं कुसळं बसत्यात. आन् वारा पाठीवर घ्यायचा, तोंडावर नाय. आता हात डोक्याच्या केसांत चोळा, निघतील."

मी टोपी काढली. आत्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे केस असते तर काय हवं होतं!

"अगं बया," ती म्हणाली. "मंग बकरीच्या पाठीवर चोळा."

चित्रकलेचा सेवानिवृत्त मास्तर, परमवीर असल्यासारखा आत्ता दरोडेखोरांशी लढायला निघालेला, पंधरा मिनिटं एका काळ्या बकरीची पाठ चोळत बसला होता. बकरीला आवडलं असावं, कारण ती हलली नाही. खरंच बरीचशी कुसळं निघाली. मान मात्र चुरचुरत राहिली.

बकरी चोळता चोळता माझी नजर तारेपलीकडे गेली, आणि चित्रकलेच्या मास्तरला सरळ रेष पटकन दिसते. त्या इस्तरी केल्यासारख्या हिरवळीत, विहिरीच्या पलीकडून, एका रेषेत, पावलापावलावर निवडुंगाचे कोवळे फड वर आले होते. बोटभर उंच, पोपटी. जेसीबीने वरचं सगळं नेलं, पण खालचे बुंधे जमिनीत राहिले होते, आणि फुकटचं पाणी मिळाल्यावर ते फुटले होते. जुन्या कुंपणाच्या जागीच. सासऱ्याने आखलेली हद्द जमीन परत आखत होती!

तेवढ्यात हिरवळीवर मॅनेजर आला. चाळिशीचा, गॉगल, कानात यंत्र. आणि माझा तोल गेला. तारेपाशी जाऊन मी ओरडलो, "अहो मॅनेजर! कुंपण नव्हतं म्हणता काय? ते बघा तुमच्या हिरवळीत काय उगवलंय! उद्या मोजणीला हेच फड साक्ष देतील!"

तो थांबला. गॉगल वर केला. मी दाखवलेल्या रेषेकडे त्याने बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. "काका, ते तण आहे. परदेशी तण. इकडचं झाडसुद्धा नाही ते."

"मग मिरची, बटाटा, पेरू काय तुमच्या आजोबांनी शोधले?" मी म्हणालो. "तेही बाहेरचेच. खाता की नाही?"

मला वाटलं, काय सुनावलं! विजयी चेहऱ्याने मागे वळलो तर आत्या खाली बसली होती. चेहरा पार उतरलेला.

"काय केलंत मास्तर," ती म्हणाली. "दोन म्हैने मी तिकडं नजर वळवली नाय. त्येला कळू नाय म्हनून. उद्या साहेबालाच दाखवनार व्हते. तुमी त्येला आजच दाखवलंत."

मधूचं वाक्य आठवलं. चेअरमन आठवले, टपरीवाला आठवला. आयुष्यभर मी रागाला खरेपणा समजत आलो आणि या बाईची विहीर त्यापायी जायची वेळ आली होती. मी माफी मागितली. आत्या "ऱ्हाऊंद्या" म्हणाली, पण तिच्या आवाजात ते मघाचं खणखणीतपण नव्हतं.

दिवस कलायच्या आत पलीकडे हालचाल सुरू झाली. मॅनेजरने माळ्याला हाक मारली. माळी म्हणजे किसन, वाडीतलाच, पन्नाशीचा माणूस. त्याने कोवळे फड पाहिले, तारेच्या अलीकडे बसलेल्या आत्याला पाहिलं, आणि खुरपं खाली ठेवलं.

"बांधाचा निवडुंग हाय साहेब. एकट्या बाजूनं मी काढनार नाय," तो म्हणाला. "दुसरं कायबी सांगा."

"नोकरी करतोस ना इथे?"

"करतो. म्हनून तर दुसरं कायबी सांगा म्हनलं."

मॅनेजरने कापडी हातमोजे घातले आणि स्वतःच उपटायला बसला. भर वाऱ्यात. वाऱ्याकडे तोंड करून. मी ओरडायला तोंड उघडलं, आत्याने माझा सदरा धरून खाली ओढलं. "गप ऱ्हावा आता," ती म्हणाली. आम्ही दोघं बघत बसलो. तो एकेक फड उपटून पोत्यात भरत गेला आणि वरून हिरवळ दाबत गेला. शेवटी हिरवळ पुन्हा कोरी झाली. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि त्याला कारण फक्त कुसळं नव्हती.

पहाटे आत्याने मला उठवलं. दवाने कुंपण ओलं होतं. वारा पाठीवर घेऊन तिने बांबूच्या चिमट्याने बोंडं खुडली, भिजल्या गवतावर लोळवली, गोणपाटाने पुसली. मग विळीवर चिरून टोकाकडची चांदणीसारखी काटेरी गाठ काढून टाकली. "ही नरड्यात आडकती. ही काडायची, मंग खायचं," ती म्हणाली. मी खाल्लं. पन्नास वर्षांनी! गोड, किंचित आंबूस, बियांचा कचकचाट, आणि जीभ, ओठ, बोटं सगळं गडद गुलाबी. मला रडू आलं. चव चांगली होती म्हणून आणि ज्या माणसाने हिचं नुकसान केलं त्यालाच ही खायला घालत होती म्हणून.

दहाच्या सुमारास मोजणीचे साहेब यंत्र घेऊन आले. सडपातळ, घाईतले, पण बोलणं सरळ. वाडीतली दोन वयस्क माणसं पंच म्हणून. तारेच्या पलीकडे मॅनेजर आणि किसन. साहेबांनी नकाशा उघडला आणि दोन्ही बाजूंना विचारलं की पूर्वीची काही खूण आहे का.

"व्हती. निवडुंगाचं कुंपन," आत्या म्हणाली.

"काही नव्हतं," मॅनेजर म्हणाला. "मी आल्यापासून या प्लॉटवर निवडुंग नाही. मी त्या झाडाला कधी हातसुद्धा लावलेला नाही."

आणि बोलता बोलता त्याने मान खाजवली. मग मनगट. मग बोटं एकमेकांवर घासली आणि पुन्हा मान. त्याच्या मानेवर लाल पुरळ उठलं होतं, थेट माझ्यासारखं. ते घासणं मी ओळखलं. आदल्या दुपारी तेच करत मी नाचलो होतो. ओरडावंसं असं वाटलं म्हणून सांगू! पण मी दात आवळून आत्याकडे पाहिलं. तिला केव्हाच दिसलं होतं. ती गेली आणि काळी बकरी घेऊन आली.

"साहेब," ती मॅनेजरला म्हणाली, आणि आवाजात टोमणा नव्हता, "हात हिच्या पाठीवर चोळा. कुसळं निगतील. काल हे मास्तरबी असंच चोळत व्हते. रातभर झोप नसंल तुमाला."

मॅनेजरचा हात खरंच अर्धा पुढे आला. मग त्याला कळलं आणि तो थांबला.

मोजणीच्या साहेबांनी नकाशावरून मान वर केली. "कुसळं? कशाची?"

मॅनेजरने हात पाठीमागे घेतला. दोघे पंच एकमेकांकडे बघून मिशीतल्या मिशीत हसले. साहेब म्हणाले, "आमच्याही गावाला निवडुंग आहे. झाडाला हात न लावता एवढी कुसळं लागलेला माणूस मी अजून पाहिला नाही." मग ते किसनकडे वळले. "माळी तुम्ही ना? कुठे होतं?"

"लॉन खणायचं नाही!" मॅनेजर म्हणाला.

"जुनी खूण शोधणं माझ्या कामात येतं," साहेब म्हणाले.

किसनने कुदळ घेतली. त्याला विचार करावा लागला नाही. विहिरीच्या पलीकडे सरळ गेला आणि घाव घातला. वीतभर खाली बुंधा लागला, मनगटाएवढा जाड, जेसीबीने तोडल्याची धार अजून दिसत होती. पाऊलभर पुढे दुसरा. मग तिसरा. साहेबांनी यंत्रातून रेष पाहिली, नकाशाशी ताडली, पुन्हा पाहिली. नकाशाची हद्दही बुंध्यांच्या रेषेवरच येत होती. त्यांनी खुणा रोवल्या, पंचांच्या सह्या घेतल्या. विहीर आत्याच्या बाजूला आली.

"मालक अपील करतील," मॅनेजर म्हणाला.

"करू देत. तोवर खुणा उपटायच्या नाहीत," साहेब म्हणाले. आत्याने त्यांना केळीच्या पानात सहा बोंडं बांधून दिली. मॅनेजरलाही दोन दिली! मी चिडून म्हणालो, "याला कशाला?" आत्या म्हणाली, "कुसळं खाल्ली त्यानं. बोंडं कोन खानार मंग?"

साहेब गेल्यावर आत्याने छपराखालचे फड पाटीत भरून आणले. जेसीबी गेल्यावर तिने ढिगातून वेचून आणलेलेच ते, इतके दिवस जपलेले. पहिला फड तिने बुंध्याशेजारी रोवला आणि थांबली. पुढचा पलीकडच्या हातचा हवा. मॅनेजर खोलीत गेला होता, दार लावून. मालक मुंबईत. आत्या पाटीपाशी बसून राहिली. मला म्हणावंसं वाटलं, आत्या, लावून टाका, कोण विचारतंय! पण या दोन दिवसांत मी एवढं तरी शिकलो होतो.

मग किसन पुढे आला. पाटीतला फड उचलला.

"किसन, तुजी नोकरी जाईल रं," आत्या म्हणाली.

"पगार त्यांचा खातो ना मी?" किसन म्हणाला. "मंग त्यांच्याकडचा मीच लावायचा." आणि त्याने तो रोवला.

एक तिचा, एक त्याचा. रेष पुरी झाली तेव्हा मी कशेळ्याची जीप चुकवली होती. पुढची दोन तासांनी होती. तोवर मी आत्याच्या विहिरीतून पाणी शेंदून तिची भांडी भरली, आणि त्या कामात मला राग असा आलाच नाही.

येताना आत्याने एक फड वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. तो मांडीवर घेऊन मी कर्जत, खालापूर करत पुण्याला पोहोचलो. त्या टपरीवर थांबलो होतो, ओरडायला नाही. टपरीवाल्याला एक खरं बोंड दिलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "चित्रातलंच की!" वाटेत मला राहून राहून वाटत होतं की माझा संताप खोटा नव्हता. विहीर चोरली जाते, कुंपण उपटलं जातं, आणि झाडाला परदेशी म्हणणारे स्वतः कुठून आले ते विसरतात. त्याचा राग यायलाच हवा. आत्यालाही आला होता, माझ्यापेक्षा जास्त. पण तिने तो दोन महिने गिळून ठेवला आणि वेळ आल्यावर बकरी घेऊन आली. मी तो मिळेल त्या वाऱ्यावर उधळत होतो, वाऱ्याकडे तोंड करून.

सोसायटीच्या फाटकापाशी त्या तीन कुंड्या तशाच होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, दव होतं तेव्हा, मी खुरपं आणि फड घेऊन खाली गेलो. भिंतीलगतची जागा मोकळी केली. मग वर बघून चेअरमनना हाक मारली. हळू आवाजात, म्हणून ती मला तीनदा मारावी लागली. ते चहाचा कप घेऊन, सावधपणे खाली आले.

"पुन्हा जंगली, सर?"

"हो. पण हा तुमच्या हातचा लावायचाय," मी म्हणालो. "मी एकट्याने लावला तर उद्या तुम्ही एकटे उपटाल."

ते फडाकडे बघत राहिले. मग कप कुंडीच्या काठावर ठेवला आणि खाली बसले. "टोचेल का हो?"

"टोचेल," मी म्हणालो. "अहो, असे नाही. आधी वारा पाठीवर घ्या."